कासाब्लांका ते अल्जिअर्स : जवळच्या शहरांमधला लांबचा प्रवास

कासाब्लांका आणि अल्जिअर्स या उत्तर आफ्रिकेतील दोन मोठ्या शहरांमध्ये हवाई अंतर किती, असे संगणकाला विचारले तर उत्तर क्षणात मिळते : सुमारे १,०५० किलोमीटर. प्रवासी जेट विमानाचा सर्वसाधारण वेग धरून वेळही सांगितला जातो : पावणेदोन तासांच्या आसपास. मुंबईहून दिल्लीला जायला याहून थोडे अधिकच अंतर कापावे लागते. दोन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदू घेऊन त्यांच्यातील लघुत्तम रेषा मोजली की हेच उत्तर येते. अडचण एवढीच की, या रेषेवरून आज एकही थेट प्रवासी विमान जात नाही.

मोरोक्कोतील प्रवाशाला शेजारच्या अल्जीरियात जायचे असेल, तर त्याला तिसऱ्या देशात उतरून विमान बदलावे लागते. ट्युनिसमार्गे गेल्यास एकूण हवाई अंतर सुमारे २,३०० किलोमीटर होते, पॅरिसमार्गे गेल्यास ३,२०० किलोमीटरांच्या पुढे जाते. ट्युनिसला विमान बदलण्यासाठी तीन तासांचा थांबा धरला, तरी पावणेदोन तासांच्या प्रवासाचे सात तास होतात. पुढचे विमान दुसऱ्या दिवशी असेल, तर मुक्कामच करावा लागतो. युरोपातून जाणाऱ्याला विमानतळाबाहेर पडून नव्या तिकिटावर पुढे जायचे असेल, तर व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे आफ्रिकेतल्या एका देशातून लगतच्या देशात जाण्यासाठी युरोपची परवानगी लागते.

ट्युनिसच्या मार्गातील विसंगती नकाशावर अधिक स्पष्ट दिसते. कासाब्लांका आणि ट्युनिस यांना जोडणारी सरळ रेषा अल्जीरियावरूनच जाते आणि अल्जिअर्स शहराच्या दक्षिणेस जेमतेम शंभर किलोमीटरवरून पुढे सरकते. या रेषेने जाणाऱ्या विमानातील अल्जिअर्सचा प्रवासी आपले मुक्कामाचे शहर डावीकडे मागे टाकून सहाशे किलोमीटर पुढे जातो, तिथे उतरतो आणि दुसऱ्या विमानाने तेवढेच अंतर मागे येतो. विमान मोरोक्कोच्या नोंदणीचे असेल, तर त्याला ही रेषाही मिळत नाही. त्याला उत्तरेकडे भूमध्य समुद्रावर जाऊन, अल्जीरियाची हवाई हद टाळून ट्युनिस गाठावे लागते.

आकाश कसे बंद झाले

२४ ऑगस्ट २०२१ रोजी अल्जीरियाचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री रमतान लमामरा यांनी मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडल्याची घोषणा केली. काबिली प्रदेशातील फुटीरतावाद्यांना मोरोक्कोची फूस आहे, त्या उन्हाळ्यातील भीषण वणव्यांशी या गटाचा संबंध आहे, पेगासस प्रणालीद्वारे अल्जीरियाच्या अधिकाऱ्यांवर पाळत ठेवली गेली, असे आरोप अल्जीरियाने केले. मोरोक्कोने हे आरोप फेटाळले आणि संबंधविच्छेदाचा निर्णय सर्वस्वी अकारण असल्याचे म्हटले. त्यापूर्वी डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने पश्चिम सहारावरील मोरोक्कोचे सार्वभौमत्व मान्य केले होते आणि मोरोक्कोने इस्रायलशी संबंध पुन्हा जोडले होते. अल्जीरियाच्या अस्वस्थतेला ही पार्श्वभूमी होती.

संबंध तुटल्याला महिनाही झाला नव्हता, तोच २२ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्देलमजीद तेब्बून यांच्या अध्यक्षतेखालील उच्च सुरक्षा परिषदेने पुढचे पाऊल उचलले. मोरोक्कोची सर्व नागरी आणि लष्करी विमाने, तसेच मोरोक्कोचा नोंदणी क्रमांक असलेले कोणतेही विमान, यांना अल्जीरियाची हवाई हद त्याच क्षणापासून बंद करण्यात आली. निर्णयाला मुदत नव्हती. कोणत्या अटीची पूर्तता झाली म्हणजे बंदी उठेल, याचाही उल्लेख नव्हता.

व्यावहारिक परिणाम किती, याचा अंदाज तेव्हाच घेतला गेला. रॉयल एअर मारोक या मोरोक्कोच्या राष्ट्रीय विमानकंपनीतील सूत्राने वृत्तसंस्थेला सांगितले की, ट्युनिशिया, तुर्कस्तान आणि इजिप्तकडे जाणारी आठवड्यातील सुमारे १५ उड्डाणे या निर्णयाच्या कक्षेत येतात आणि ती भूमध्य समुद्रावरून वळवता येतील. ज्या राज्यसत्तेला धक्का द्यायचा, तिच्या विमानकंपनीला इंधनाचा आणि वेळेचा काही वाढीव खर्च सोसावा लागला, इतकेच. ही बंदी सर्वाधिक जाचली ती ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता, त्यांना.

पुढच्याच महिन्यात हा वळसा जमिनीखालीही पोहोचला. अल्जीरियाचा नैसर्गिक वायू मोरोक्कोमार्गे स्पेनला नेणाऱ्या वाहिनीचा करार ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी संपला आणि अल्जीरियाने त्याचे नूतनीकरण केले नाही. जून २०२२ पासून याच वाहिनीतून वायू उलट्या दिशेने वाहू लागला. मोरोक्को जागतिक बाजारातून द्रवरूप वायू विकत घेतो, तो स्पेनच्या बंदरात उतरतो, तेथे त्याचे पुन्हा वायूत रूपांतर होते आणि मग तो दक्षिणेकडे मोरोक्कोत येतो. शेजाऱ्याच्या घरातून थेट येणारी वस्तू आता समुद्रापलीकडून फिरून येते. प्रवाशाचे जे झाले, तेच वायूचेही झाले.

एकाच लढ्याची दोन घरे

या दोन देशांमधील वैराची कथा जितकी जुनी, तितकीच त्यांच्यातील आप्तसंबंधांचीही. कासाब्लांकाचा विमानतळ मोहम्मद पाचवे यांच्या नावाने ओळखला जातो, अल्जिअर्सचा हुआरी बूमेदियन यांच्या. १९५६ मध्ये मोरोक्कोला स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या या राजाने अल्जीरियाच्या फ्रेंचविरोधी लढ्याला आपल्या भूमीवर आसरा दिला. पुढे अल्जीरियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले बूमेदियन त्या लढ्यात मोरोक्कोच्या सीमेवरील उज्दा शहरातून सूत्रे हलवत होते. त्यांच्याभोवती जमलेल्या नेत्यांना पुढे ‘उज्दा गट’ असेच नाव पडले. स्वतंत्र अल्जीरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष अहमद बेन बेला सीमेवरील माग्निया गावचे, पण त्यांचे आईवडील मोरोक्कोचे. २० वर्षे राष्ट्राध्यक्षपद भूषवणारे अब्देलअझीझ बूतेफ्लिका यांचा तर जन्मच उज्दाचा. अल्जीरियाच्या राज्यकर्त्यांच्या एका संपूर्ण पिढीची मुळे सीमेपलीकडच्या या गावात सापडतात.

१९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६३ मध्ये, फ्रेंचांनी आखलेल्या सीमेवरून दोन्ही देशांत युद्ध झाले. ‘वाळूचे युद्ध’ म्हणून ते ओळखले जाते. १९७५ मध्ये स्पेन पश्चिम सहारातून बाहेर पडू लागला, तेव्हा मोरोक्कोने त्या प्रदेशावर हक्क सांगितला आणि अल्जीरियाने स्वातंत्र्यवादी पोलिसारिओ आघाडीला पाठबळ दिले. त्या वर्षाच्या अखेरीस अल्जीरियाने हजारो मोरोक्कन कुटुंबांना देशाबाहेर काढले. १९७६ मध्ये तुटलेले राजनैतिक संबंध १९८८ मध्ये पुन्हा जुळले. पाठोपाठ फेब्रुवारी १९८९ मध्ये मराकेश येथे मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया आणि मॉरिटानिया या पाच देशांचा अरब मगरिब संघ स्थापन झाला. एकसंध बाजारपेठेचे आणि मुक्त संचाराचे स्वप्न त्या वेळी कागदावर तरी उतरले होते.

ते टिकले पाच वर्षे. ऑगस्ट १९९४ मध्ये मराकेशच्या एका हॉटेलवर झालेल्या हल्ल्यात दोन स्पॅनिश पर्यटक मारले गेले. मोरोक्कोने अल्जीरियाच्या गुप्तहेर यंत्रणेकडे बोट दाखवत अल्जीरियन नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. उत्तरादाखल अल्जीरियाने दीड हजार किलोमीटरांहून लांब असलेली भूसीमा बंद केली. त्याला आता तीन दशके उलटून गेली. सीमा बंदच आहे.

आजच्या हवाई बंदीचे भवितव्य समजून घ्यायचे, तर १९९४ च्या या निर्णयाकडे बारकाईने पाहायला हवे. भूसीमा बंद होण्याचे तात्कालिक कारण व्हिसासक्ती हे होते. मोरोक्कोने ती २००४ मध्ये उठवली. अल्जीरियानेही २००५ मध्ये मोरोक्कन नागरिकांसाठीचा व्हिसा रद्द केला. कारण नाहीसे झाले, पण सीमा उघडली नाही. ती कशासाठी बंद केली हे लोकांच्या विस्मरणात गेले आणि ती बंद असते, एवढेच उरले. बंदी घालताना ती उठवण्याची अट लिहिली नाही, तर ती कारणापेक्षा दीर्घायुषी ठरते. काही वर्षांनी तिचे धोरण हे रूप नाहीसे होते आणि डोंगर किंवा वाळवंट यांच्यासारखी ती भूगोलाचा भाग बनते. आकाशाच्या बाबतीत तेच घडू लागले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अल्जीरियाने मोरोक्कन पारपत्रधारकांना पुन्हा व्हिसा सक्तीचा केला. बंद दाराला आणखी एक कडी लागली.

साठ किलोमीटरांचे तीन हजार

मोठ्या शहरांचा वळसा दुपटी-तिपटीचा आहे. सीमेवरच्या गावांसाठी तो कितीतरी अधिक आहे. मोरोक्कोतील उज्दा आणि अल्जीरियातील त्लेम्सेन ही दोन जुनी शहरे. बोली, खाद्यसंस्कृती, संगीताची परंपरा यांत त्यांना एकमेकांपासून वेगळे काढणे अवघड. दोहोंमधील सरळ अंतर साठ किलोमीटरही भरत नाही. सीमा उघडी असती, तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचावे आणि संध्याकाळी परतावे इतके हे जवळ. ‘झूज बघाल’, म्हणजे ‘दोन खेचरे’, या नावाने ओळखली जाणारी सीमाचौकी याच वाटेवर आहे.

आज उज्दाच्या माणसाला त्लेम्सेनमधील बहिणीच्या घरी रीतसर जायचे असेल, तर आधी पश्चिमेला कासाब्लांका गाठायचे, तिथून ट्युनिस, ट्युनिसहून अल्जिअर्स आणि तिथून पुन्हा पश्चिमेला त्लेम्सेन. प्रत्येक टप्प्याचे सरळ अंतर घेऊन बेरीज केली, तर ती ३,३०० किलोमीटरांच्या घरात जाते. मूळ अंतराच्या पन्नास पटींहून अधिक. चार टप्पे, तीन ठिकाणी वाहन बदलणे आणि आता त्यावर व्हिसा. अंत्यविधीला पोहोचण्यासाठी हा मार्ग निरुपयोगी आहे आणि लग्नाला सगळे कुटुंब घेऊन जायचे, तर तो न परवडणारा आहे.

त्यामुळे भूमध्य समुद्राजवळ, सईदिया गावाच्या बाजूला एक वेगळेच दृश्य वर्षानुवर्षे पाहायला मिळते. तेथे दोन्ही देशांचे रस्ते सीमेला इतके लगटून जातात की, मधला ओढा आणि कुंपण सोडले तर काही अंतरच नाही. दोन्ही काठांवर नातेवाईक उभे राहतात, हात हलवतात, हाका मारून खुशाली विचारतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. आवाज पोहोचतो, माणसाला मात्र ३,३०० किलोमीटर फिरून यावे लागते.

ही सीमा जिवावरही बेतते. ऑगस्ट २०२३ मध्ये सईदियाच्या समुद्रात जलस्कूटरवर फिरायला गेलेले काही तरुण वाट चुकून अल्जीरियाच्या हद्दीत शिरले. अल्जीरियाच्या तटरक्षकांनी केलेल्या गोळीबारात फ्रान्स आणि मोरोक्को या दोन्ही देशांचे नागरिकत्व असलेले दोघे मृत्युमुखी पडले. इशारा देऊनही ते थांबले नाहीत, असे अल्जीरियाच्या संरक्षण मंत्रालयाने म्हटले. अमली पदार्थांची तस्करी रोखण्यासाठी सीमेवर कडक पहारा लागतो, हा अल्जीरियाचा युक्तिवाद निराधार नाही. परंतु रीतसर येण्याजाण्याचे सगळे मार्ग बंद असताना वाट चुकलेला पर्यटक आणि चोरटा वाहतूकदार यांच्यात पहाऱ्यावरच्या माणसाला फरक करता येत नाही, हेही तितकेच खरे.

खेळाचे मैदान आणि भूकंप

दोन प्रसंगांनी या बंदीचे स्वरूप उघड केले. पहिला जानेवारी २०२३ चा. स्वदेशातील लीगमध्ये खेळणाऱ्या खेळाडूंसाठी असलेली आफ्रिकी फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा अल्जीरियात होती. मोरोक्को आधीच्या दोन्ही स्पर्धांचा विजेता. त्याचे सामने कॉन्स्टँटीन शहरात होते. संघ आपल्या राष्ट्रीय विमानकंपनीच्या विमानाने रबातहून थेट कॉन्स्टँटीनला जाईल, अशी अट मोरोक्कोने घातली. ट्युनिसमार्गे जाणे शक्य होते, पण ते त्याला मान्य नव्हते. अल्जीरियाची परवानगी आली नाही आणि विजेता संघ निघालाच नाही. त्याच्या गटात तीनच संघ उरले. या प्रसंगी हट्ट दोन्ही बाजूंनी झाला, हे नोंदवायला हवे. वळसा घेणे म्हणजे बंदी मान्य करणे, असे एकाला वाटले. एक विमान उतरू देणे म्हणजे माघार घेणे, असे दुसऱ्याला. खेळाडूंना कोणी विचारले नाही.

दुसरा प्रसंग त्याच वर्षीच्या सप्टेंबरचा. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री मोरोक्कोच्या अल-हौज प्रांतात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे तीन हजार माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी अल्जीरियाने मदतसामग्री आणि जखमी यांची ने-आण करणाऱ्या विमानांसाठी आपली हवाई हद खुली करण्याची तयारी जाहीर केली. बचाव पथके सज्ज ठेवली. मोरोक्कोने निवडक देशांचीच मदत घेतली, त्यांत अल्जीरिया नव्हता. मदत स्वीकारली गेली नाही तरी या घोषणेने एक गोष्ट सिद्ध केली. दोन वर्षे सुरक्षेच्या नावाखाली बंद असलेले आकाश एका दिवसात आणि केवळ विशिष्ट हेतूच्या उड्डाणांसाठी उघडता येते. त्यासाठी तह नको, शिखर परिषद नको. म्हणजे आजारी माणूस, अंत्यविधीला निघालेला मुलगा, विद्यार्थी, खेळाडू यांच्यासाठीही ते उघडता येईल. न उघडणे ही अपरिहार्यता नाही, निवड आहे.

कायदा काय सांगतो

आकाशाचे आंतरराष्ट्रीय नियम १९४४ च्या शिकागो करारावर उभे आहेत. त्याच्या पहिल्याच कलमानुसार प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. खुल्या समुद्रावरून जहाजाला जसे मुक्तपणे जाता येते, तसे परक्या भूमीवरील आकाशातून विमानाला जाता येत नाही. तिथे परवानगीच लागते. याच कराराचे नववे कलम मात्र या अधिकाराला काही मर्यादा घालते. लष्करी गरज किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांसाठी देशाच्या काही भागावरून उड्डाणे रोखता येतात आणि असाधारण परिस्थितीत संपूर्ण देशावरूनही तात्पुरती बंदी घालता येते. परंतु ती सर्व देशांच्या विमानांना समान लागू हवी, राष्ट्रीयत्वावरून भेद नको, असे कलम सांगते. एकाच देशाच्या नोंदणीवर बोट ठेवणारी बेमुदत बंदी या चौकटीत कितपत बसते, हा रास्त प्रश्न आहे.

असा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर उपस्थित झालेला आहे. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारच्या विमानांना आपले आकाश बंद केले. कतारने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे दाद मागितली. अशा तक्रारीची सुनावणी करण्याचा अधिकार त्या संघटनेच्या परिषदेला आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२० मध्ये दिला. अंतिम निकालाची वेळ मात्र आली नाही. जानेवारी २०२१ मध्ये अल-उला येथे समेट झाला आणि आकाश उघडले. कायद्याने दार ठोठावले, ते उघडले राजकारणाने.

आफ्रिका खंडापुरते बोलायचे, तर आकाश एक करण्याचे प्रयत्न कमी झालेले नाहीत. १९९९ च्या यामूसुक्रो निर्णयाने आफ्रिकी देशांनी परस्परांच्या विमानकंपन्यांना मोकळीक द्यावी असे ठरले. २८ जानेवारी २०१८ रोजी अदिस अबाबा येथे २३ देशांनी एकसंध आफ्रिकी हवाई वाहतूक बाजारपेठेचा आरंभ केला. किती फेऱ्या, कोणत्या कंपनीच्या, कोणत्या दराने, हे प्रश्न त्या आराखड्यात येतात. पण दोन देशांनी एकमेकांकडे पाठ फिरवली, तर कोणतीही बाजारपेठ त्यांच्यात विमान नेऊ शकत नाही. मगरिबमधील पाच देशांचा आपसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांहून कमी आहे. त्यामागे इतर कारणेही आहेत, पण त्यांतल्या दोन सर्वांत मोठ्या देशांमध्ये माणूस जाऊ शकत नाही, तिथे माल कसा जाणार?

हे हत्यार संसर्गजन्यही आहे. १ एप्रिल २०२५ च्या सुमारास अल्जीरियाने मालीचे एक ड्रोन सीमेजवळ पाडले. ते आपल्या हद्दीत होते, असे मालीचे म्हणणे. आठवडाभरातच अल्जीरियाने मालीकडे जाणाऱ्या आणि तेथून येणाऱ्या विमानांना आकाश बंद केले आणि मालीनेही तसेच प्रत्युत्तर दिले. अल्जीरिया हा क्षेत्रफळाने आफ्रिकेतील सर्वांत मोठा देश. त्याच्या पश्चिमेचे आकाश २०२१ मध्ये मोरोक्कोसाठी मिटले, दक्षिणेचे २०२५ मध्ये मालीसाठी.

अट असलेली आणि नसलेली बंदी

आकाश किंवा सीमा बंद करणे हे प्रत्येक वेळी चुकीचेच असते, असे इतिहास सांगत नाही. १९६३ मध्ये नवस्वतंत्र आफ्रिकी देशांनी वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना आपल्यावरून उडण्यास मज्जाव केला. जोहान्सबर्गहून लंडनला जाणाऱ्या विमानांना खंडाच्या पश्चिमेकडील फुगवट्याला समुद्रावरून वळसा घालावा लागे. हा लांबचा पल्ला न थांबता गाठता यावा, म्हणून त्या देशाच्या विमानकंपनीने पुढे बोइंगचे खास दूरपल्ल्याचे विमान घेतले. पण त्या बंदीची अट साऱ्या जगाला ठाऊक होती : वर्णभेद संपवा. तो संपुष्टात येऊ लागला आणि आकाश पुन्हा खुले झाले.

गोवा आणि बेळगावच्या जुन्या पिढीने असाच एक वळसा अनुभवला आहे. १९५५ मध्ये सत्याग्रहींवरील गोळीबारानंतर भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी कडक केली. कॅसलरॉक आणि कुळे यांच्यामधील रेल्वे बंद पडली. घाटाच्या वर आणि खाली नातीगोती असलेल्या कुटुंबांचा संपर्क तुटला. पोर्तुगीज सत्तेने दाबोळीला विमानतळ बांधून स्वतःची विमानसेवा सुरू केली आणि ती विमाने भारत टाळून कराचीला जाऊ लागली. शेजारच्या गावाला न जाता येणाऱ्या गोवेकराला समुद्रापलीकडचे शहर जवळचे झाले. मात्र या बंदीचीही अट स्पष्ट होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि घाटवाटा पुन्हा वाहत्या झाल्या.

अट नसलेल्या बंदीचे उदाहरण शोधायलाही फार दूर जावे लागत नाही. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले आणि भारताच्या नागरी विमानसेवेचा पाया घातला. १९३६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच मुंबई इलाख्यात होती. त्यांच्यातील हवाई अंतर नऊशे किलोमीटरही नाही. आज त्यांच्यात थेट विमान नाही. पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. पुढे ती बंदी दर महिन्याच्या मुदतीने वाढवली जाऊ लागली. मुदत वाढवावी लागते, म्हणजे निदान निर्णयाचा फेरविचार करण्याचा दिवस कागदावर तरी येतो. अल्जीरियाच्या निर्णयात तेवढेही नाही.

पुढे काय

राजे मोहम्मद सहावे यांनी जुलै २०२१ च्या भाषणात सीमा उघडण्याचे आवाहन केले होते. महिन्याभरात संबंधच तुटले. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने पश्चिम सहाराच्या वाटाघाटींसाठी मोरोक्कोच्या स्वायत्तता प्रस्तावाला आधारभूत मानणारा ठराव संमत केला. बाजूने ११ मते पडली, तीन देश तटस्थ राहिले आणि परिषदेचा तेव्हा सदस्य असलेल्या अल्जीरियाने मतदानात भाग घेतला नाही. त्याच दिवशी मोहम्मद सहावे यांनी तेब्बून यांना पुन्हा संवादाचे निमंत्रण दिले. अमेरिकेनेही मध्यस्थीचा मनोदय बोलून दाखवला. मात्र राजनैतिक यश मिळालेल्या बाजूने पुढे केलेला हात दुसऱ्या बाजूला विजयाच्या आविर्भावासारखा दिसू शकतो. पश्चिम सहाराचा प्रश्न पन्नास वर्षांचा आहे, तो एका ठरावाने मिटेल अशी अपेक्षा भाबडी ठरेल.

म्हणूनच आकाशाचा प्रश्न सहाराच्या प्रश्नाला बांधून ठेवणे हीच मूळ चूक आहे. दोन देशांनी एकमेकांवर प्रेम करावे, राजदूत पाठवावेत, असे कोणी म्हणत नाही. मागणी याहून लहान आणि साध्य आहे. बंदी ठेवायची तर तिला मुदत असावी. ती वाढवायची तर कारण जाहीर करावे. आणि भूकंपाच्या वेळी जे आकाश एका दिवसात उघडण्याची तयारी झाली, ते आजारपण, मृत्यू आणि शिक्षण यांच्यासाठी आठवड्यातून एका विमानापुरते तरी कायम उघडे असावे. ते विमान कोणत्या नोंदणीचे असेल, यावर मानापमान होत असेल, तर तिसऱ्या देशाचे विमान वापरावे, पण ते थेट जावे.

तोवर संगणक विचारणाऱ्याला १,०५० किलोमीटर आणि पावणेदोन तास हेच उत्तर देत राहील. ते खोटे नाही. ही दोन शहरे खरोखरच इतकी जवळ आहेत.